परबकाकूंच्या दाराची कडी

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘होम ऑटोमेशन’ असं छापलेलं आहे. सोसायट्यांचे वॉचमन ते वाचत नाहीत. ते इंटरकॉमवर सरळ सांगतात, “बेलवाला आलाय.” त्यात चूक काहीच नाही. एकतीस वर्षांपूर्वी मुलुंडला मी दारावरच्या बेल बसवण्यापासूनच सुरुवात केली. मग इंटरकॉम आले, मग कॅमेरे आले, आणि आता दिवे, पंखे, कुलपं सगळी फोनवर आली. बेलवाला तोच राहिला, फक्त त्याच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हरच्या जोडीला लॅपटॉप आला.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे टाळी वाजवली की दिवा लागला पाहिजे. ते दोन दिवसांत होतं. पाहुण्यांना दाखवून होतं, कौतुक होतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे हे सगळं रोज, न चुकता चालत ठेवणं. या वस्तू एकमेकींशी बिनतारी बोलतात. बाथरूममधलं बटण दाबलं की निरोप थेट फोनवर जात नाही. तो आधी जवळच्या प्लगला मिळतो, प्लग तो हॉलमधल्या दिव्याला देतो, दिवा कपाटावरच्या डब्याला, आणि तो डबा बाहेरच्या जगाला. पंगतीत भाताचं ताट हातोहात पुढे सरकवावं तसं. मधला एक जण उठून गेला की ताट तिथंच अडतं. माझं अर्धं आयुष्य हा उठून गेलेला माणूस शोधण्यात गेलं.

अंधेरीच्या एका घरात रोज दुपारी दीडच्या सुमारास सगळं मरायचं आणि चारला आपोआप जिवंत व्हायचं. मी डबा बदलला, राउटर बदलला, शेजारच्या मायक्रोवेव्हवर संशय घेतला. पंधरा दिवस डोकं लावून शेवटी एक दिवस त्यांच्या सोफ्यावर ठाण मांडून बसलो. दीड वाजता घरातले आजोबा जेवून उठले, हात पुसले, आणि खोल्याखोल्यांतून फिरत भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद करत गेले. राउटरचंसुद्धा. मग शांतपणे झोपायला गेले. मी आ वासून बघत राहिलो. चाळीस वर्षं सरकारी नोकरीत आजोबांनी ऑफिसातले पंखे असेच बंद केले होते, सवय हाडीमाशी खिळली होती. वीज वाया घालवायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ते अभिमानाने सांगितलंही होतं आणि मी मान डोलावली होती.

घाटकोपरला तर याहून वरचढ. तिथे नेटवर्क कायम रडतखडत चालायचं, पण मी गेलो की सगळं झकास. मी मोजणी करायचो, आकडे उत्तम यायचे, मी घरी पोचलो की पुन्हा तक्रार. एकदा न सांगता गेलो. राउटर टेबलावर नव्हता. सासूबाईंनी तो तांदळाच्या रिकाम्या स्टीलच्या पिंपात ठेवला होता, वरून झाकण, झाकणाला वायरीपुरतं भोक. नातवाला त्यातले किरण लागू नयेत म्हणून. आणि मी येणार असलो की त्या तो बाहेर काढून, पुसून टेबलावर मांडून ठेवायच्या. परक्या माणसाला घरातलं पिंप कशाला दाखवायचं?

तेव्हापासून मी एक वही ठेवली. नव्या घरात गेलो की यंत्राला हात लावायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा: तुम्ही रोज काय काय बंद करता? उत्तरं वहीत लिहायची. या प्रश्नाने माझी निम्मी दुखणी बरी केली. धंद्यातली नवी पोरं अवघड जागी अडकली की मला फोन करायची आणि मी भाव खाऊन सल्ला द्यायचो. एवढं शहाणपण अंगी आल्यानंतर परबकाकूंकडची गोष्ट घडली, म्हणून ती सांगायला मला जड जाते.

काकू मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, वन रूम किचनमध्ये राहतात. वय चौऱ्याहत्तर. नवरा मिलमध्ये फिटर होता. मिल गेल्यावर इथल्याच एका छोट्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत राबला. तो गेला आणि काकू एकट्या उरल्या. मुलगा मंदार कॅनडाला. वडिलांचं सगळं आटोपल्यावर परत जायच्या आधी त्याने मला बोलावलं. मी दोन इमारती सोडून राहतो आणि आमचं मूळ गाव काकूंच्या गावापासून कोसभर, एवढ्या ओळखीवर.

मंदारने सगळं स्पष्ट मांडलं. आई एकटी राहणार असेल तर तिच्या गळ्यात बटण हवं, बाथरूममध्ये सेन्सर हवा, आणि दार त्याला तिथून फोनवर उघडता आलं पाहिजे, म्हणजे वेळप्रसंगी शेजारी आत जाऊ शकतील. सहा महिने ही यंत्रणा एकदाही न चुकता चालली तर आई इथे राहील. चुकली तर कर्जतच्या वृद्धाश्रमात त्याने खोली बघून ठेवली होती. तो हे बोलत असताना काकू खाली बसून विळीवर नारळ खवत होत्या. मंदारला फोन आला म्हणून तो बाहेर पॅसेजमध्ये गेला, तशी त्यांनी खवणं थांबवलं.

“तुझं हे यंत्र चाललं पाहिजे हां बाबा,” त्या म्हणाल्या. “मला कर्जतला नाही जायचं.”

मी म्हटलं, चालेल काकू, ती माझी जबाबदारी.

काम करताना दोन गोष्टी माझ्या नजरेला आल्या. एक, दार चौकटीत किंचित तिरकं बसलेलं होतं. कुलूप काढलं की ते स्वतःहून आत सरकायचं, आधी वीतभर आणि मग पॅसेजच्या वाऱ्याने सताड. दुसरी, दाराच्या वरच्या बाजूला आतून एक भक्कम लोखंडी कडी होती, परबकाकांनी स्वतः तीन इंची स्क्रूंनी ठोकून बसवलेली. मंदारने विचारलं, ही काढायची का? मी म्हटलं, राहू दे, उगाच दाराला भोकं पडतील आणि नवं कुलूप असताना आता ही कोण लावतंय? हे वाक्य माझं आहे. मला ते शब्दन्‌शब्द आठवतं.

पहिला महिना नेहमीच्या कटकटींचा गेला. काकूही बटणं बंद करणाऱ्या पंथातल्याच. खोलीतून बाहेर पडताना हात आपोआप भिंतीकडे जायचा. निरोप पुढे देणारे प्लग मी माळ्यावर नेले आणि बटणाशिवाय थेट जोडले. इमारतीत प्रत्येक घरात वायफाय, सगळे लहरींच्या एकाच पट्ट्यात एकमेकांवर ओरडणारे, तेव्हा आमचा निरोप मी जरा शांत पट्ट्यात हलवला. वीज गेली तर चार तास पुरेल अशी बॅटरी दिली, इंटरनेट गेलं तर मोबाइलच्या सिमवर जाईल अशी सोय केली. घरात आतून एक भोंगाही बसवला, बटण दाबलं की वाजणारा, म्हणजे फोन कुणी नाही उचलला तरी शेजारच्या हेतलबेनना भिंतीतून ऐकू जाईल.

आणि मग ती दुपार आली. सोसायटीच्या मीटररूममध्ये काहीतरी दुरुस्ती चालली होती, वीज गेली आणि आली. कुलपाला मी तोवर बॅटरी जोडलेली नव्हती, ती पुढच्या आठवड्यात यायची होती. संध्याकाळी लॅपटॉपवर मी दिवसाची नोंद चाळत होतो, तर त्यात दोन ओळी दिसल्या. दुपारी दोन चाळीसला दार उघडलं. चार सेकंदांनी दार बंद झालं.

कुणी उघडलं? मंदारने नाही, मी नाही. शोधलं तेव्हा कळलं की वीज जाऊन आली की हे कुलूप आपण बंद आहोत की उघडे, हे तपासण्यासाठी एकदा चौकटीत शिरणारी जीभ आत घेतं आणि पुन्हा बाहेर काढतं. कारखान्यातून ते तसंच सेट करून आलं होतं आणि बसवताना ती सेटिंग बदलायची माझ्याकडून राहून गेली होती. त्याच संध्याकाळी घरात बसूनच मी ती बदलली. मग विचार केला, मंदारला सांगावं का? सहा महिन्यांतला दुसरा महिना चालू होता. ‘दार आपोआप उघडलं’ एवढं कानावर पडलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी कर्जतला फोन लावला असता. आणि झालं काय होतं? चार सेकंद. चार सेकंदांत कोण काय करणार? मी वहीत तारीख टाकून लिहिलं, ‘दुरुस्त.’ काकूंनाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं ना.

त्यानंतर चार महिने एकही निरोप चुकला नाही. दर रविवारी जेवण झालं की काकू चाचणी म्हणून बटण दाबायच्या. माझा फोन किंचाळायचा, मी इथून भोंगा बंद करायचो, मग त्यांचा फोन यायचा. “वाजलं का रे?” वाजलं काकू. “बरं.” इतकाच संवाद, पण मला त्या एका ‘बरं’चं कोण कौतुक! तशी कामगिरी मी अंधेरीच्या मोठमोठ्या फ्लॅटांतही करून दाखवली नव्हती.

अधूनमधून बॅटऱ्या तपासायला जायचो. बेल वाजवली की काकू आतून “कोण?” विचारायच्या, मग पावलं यायची, मग वरून खट्ट असा आवाज व्हायचा आणि दार उघडायचं. तो खट्ट मी दर वेळी ऐकला आणि एकदाही माझ्या डोक्यात शिरला नाही. लोक काय बंद करतात हे मी एकूणएक घरात विचारत होतो आणि इथे दारात उभा राहून काय उघडलं जातंय ते ऐकत होतो.

सहा महिने पुरे व्हायला दहा दिवस राहिले असताना, सकाळी आठला माझा फोन किंचाळला. त्या दिवशी रविवार नव्हता.

मी तेव्हा पश्चिमेला एका दुकानाच्या शटरपाशी होतो. स्क्रीनवर सगळं नीट दिसत होतं. बटण दाबलं गेलं, निरोप तीन सेकंदांत तिघांना पोचला, मंदारने तिकडून कुलूप उघडलं, हिरव्या अक्षरांत ‘दार उघडलं’ असं आलं. तेवढ्यात हेतलबेनचा फोन आला. ताला खुलने का आवाज आया, पण दरवाजा खुलत नाही, असं त्या धापा टाकत सांगत होत्या. मागे भोंगा कोकलत होता. मी रिक्षा पकडली. पूल ओलांडून पलीकडे जायला वीस मिनिटं लागली आणि त्या वीस मिनिटांत मी एकच गोष्ट करत होतो, फोनवर कुलूप बंद करत होतो, उघडत होतो, पुन्हा बंद, पुन्हा उघड. प्रत्येक वेळी हिरवं. मंदारचे मेसेज येत होते, दार उघडं आहे ना? मी लिहीत होतो, हो, उघडं आहे.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर दारासमोर सहा-सात माणसं आणि आतून भोंगा. दार ढकललं. वितळवून जोडल्यासारखं घट्ट. आता मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी जिन्याच्या पायरीवर बसलो, लॅपटॉप उघडला आणि कुलपाच्या नोंदी तपासू लागलो. माझी खात्री होती की माझंच काहीतरी फसलंय, कुलूप ‘उघडलं’ म्हणतंय पण जीभ अडकलीय. आत एक बाई पडली होती आणि मी बाहेर माझ्या नेटवर्कची नाडी बघत होतो. पाच मिनिटं तरी गेली असतील. हेतलबेनच शेवटी माझ्या खांद्याला हलवून म्हणाल्या की आधी तो भोंगा तर बंद करा भाई, आतलं काही ऐकू येत नाही.

मी भोंगा बंद केला. सगळा मजला गप्प झाला आणि दाराच्या खालच्या फटीतून काकूंचा आवाज आला. तो आवाज बराच वेळ येत असणार. आमच्याशी एरवी त्या शहरी मराठी बोलायच्या. घाबरल्या की गावाकडची भाषा यायची.

“मियाच कडी घातलंय रे,” त्या म्हणत होत्या. “वरची कडी. तुझ्या यंत्राचो दोष नाय.”

सगळं चाललं होतं. बटण, प्लग, डबा, सिम, कॅनडा, कुलूप, सगळी पंगत जागच्या जागी होती. पुढे परबकाकांचे तीन इंची स्क्रू होते. जिला मी ‘आता ही कोण लावतंय’ म्हणालो होतो ती कडी दार धरून उभी होती. त्याहून वाईट म्हणजे ओल्या फरशीवर पडलेली ती बाई आधी मला दोषातून मोकळं करत होती. कारण तिला ठाऊक होतं, यंत्र चुकलं असं ठरलं तर आपल्याला कर्जत आहे.

खालच्या फर्निचरवाल्याकडून सुतार आणला. कडीने दाद दिली नाही. शेवटी त्याने दाराचा वरचा भाग कापून हात आत घातला. पडल्यापासून दीड तासाने आम्ही काकूंपर्यंत पोचलो. बाथरूमच्या ओल्या फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी कापलेल्या दाराकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

ऑपरेशन झालं. मंदार तिसऱ्या दिवशी येऊन पोचला. माझ्याशी तो धड बोलला नाही आणि मला त्याचा राग आला नाही. पाचव्या दिवशी तो औषधं आणायला खाली गेला असताना मी काकूंच्या खाटेशी बसलो होतो. राहवेना म्हणून विचारलं, काकू, कुलूप असताना कडी का लावत होता?

त्यांनी हळू आवाजात सांगितलं. काही महिन्यांपूर्वी एका दुपारी त्यांना अंघोळीला उशीर झाला होता. बाथरूम एवढंसं, ओलं; त्यामुळे साडी नेसायला त्या नेहमी बाहेरच्या खोलीत येतात. वन रूम किचनमधल्या सगळ्याच बायका तसंच करतात. अंगावर परकर-पोलकं, हातात साडीची घडी. पंखा बंद झाला, पुन्हा सुरू झाला. कुलपाचा घुर्रर्र आवाज आला आणि दार आपलं आपण उघडलं. आधी वीतभर, मग सताड. समोर लिफ्टपाशी तीन पुरुष उभे होते.

“हात लावलान नाय कोणी. आपसून उघडला,” काकू म्हणाल्या. “मिया दार लोटूक धावलंय, तर कुलपाची जीभ बाहेर. बंदच होयना.”

मला त्या क्षणी जे झालं त्याला धक्का हा शब्द अपुरा आहे. चार सेकंदांनी ‘दार बंद झालं’ ही ओळ मी वाचली होती. कुलूप बंद झालं होतं, दार नाही. दार तिरकं होतं, जीभ आत गेल्यावर ते सरकलं, आणि कुलपाने आपली जीभ हवेत बाहेर काढून मला ‘बंद’ असं कळवलं. दार तिरकं आहे हे मी पहिल्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या बाईने एका हाताने साडी छातीशी धरून, दुसऱ्या हाताने न लागणारं दार दाबून धरलं असेल, किती वेळ कुणास ठाऊक, आणि मी संध्याकाळी चहा पीत ‘दुरुस्त’ लिहीत होतो.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी त्यांचा मुलगा असतो तर मान खाली घातली असती. अशी गोष्ट परक्या पुरुषाला काय सांगणार? आणि मुलाला सांगावी, तर यंत्र चुकलं असं झालं असतं. त्यांनी त्यावर आपल्या परीने इलाज शोधला. त्या दिवसापासून परबकाकांची कडी चोवीस तास लागायला लागली. म्हणजे एकाच दुपारची एकच चूक आम्ही दोघांनी एकाच माणसापासून, एकाच कारणासाठी लपवली होती, आणि एकमेकांपासूनही.

मंदार औषधं घेऊन आला. मी त्याला बाहेर नेलं आणि दुपार, चार सेकंद, वही, सगळं सांगून टाकलं. आईच्या साडीचंही सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर त्याला काहीच कळलं नसतं. माझी अपेक्षा होती की तो मला तिथल्या तिथे झोडपेल. त्याने खिशातून फोन काढला आणि खूप मागे मागे जात राहिला.

“मला आलं होतं हे,” तो म्हणाला. “दार उघडलं, दार बंद झालं. तिकडे पहाट होती. मी बाजूला सारलं आणि झोपलो.”

मग तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि रडला. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो.

कर्जतचं त्याने रद्द केलं नाही, पुढे ढकललं. आई घरी जाईल, दिवसा मदतीला बाई असेल, यंत्रणा राहील, पण कडी पुन्हा लागता कामा नये, ही त्याची अट. मला ती पटली. नवं दार बसवलं, ते मी स्वतः ओळंबा लावून सरळ करून घेतलं. कुलूप सुटलं तरी दार जागचं हलणार नाही इतकं सरळ. दार खरंच चौकटीला लागलंय की नाही हे सांगणारा वेगळा सेन्सर लावला. काकू वॉकर घेऊन घरी आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळं करून दाखवलं. वीज घालवली, आणली, कुलूप उघडलं, दार तसंच. त्यांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाल्या आणि नव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यावर, जिथे कडी असायची तिथे, हात फिरवला.

आठवड्याने मदतीच्या बाईने मला सांगितलं की काकू घरी आल्यापासून साडी नेसतच नाहीत. गाउनवरच असतात, अंघोळ झाली की तोही बाथरूममध्येच ओल्यात घालतात. वॉकर धरून, ओल्या फरशीवर, एका पायावर. मंदारच्या अटीने आणि माझ्या सरळ दाराने आम्ही त्यांना पुन्हा त्याच फरशीवर नेऊन उभं केलं होतं.

मी परबकाकांची जुनी कडी शोधून काढली. सुताराने ती फेकली नव्हती. या वेळी काही लपवलं नाही. मंदारला व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत उभा केला आणि त्याच्यासमोर, काकूंसमोर, हेतलबेनसमोर ती कडी नव्या दारावर पुन्हा बसवली. फक्त स्क्रू अर्ध्या इंचाचे घेतले, आणि त्यांची भोकं आधीच सैल करून ठेवली. चोरासाठी कुलूप होतं. कडी काकूंसाठी होती. मी त्यांना ते स्पष्ट सांगितलं: काकू, ही लागेल, खट्ट वाजेल, वाऱ्याने हलणार नाही, पण बाहेरून कुणी खांद्याने जोर लावला तर निघून येईल.

मला आणि हेतलबेनना त्यांनी बाहेर जायला सांगितलं. दार लागलं. वरून खट्ट आवाज आला. मंदारने तिकडून कुलूप उघडलं आणि दार जागचं हललं नाही. मग आतून काकूंनी हाक दिली, ढकला. हेतलबेन साठीच्या, गुडघ्याने अधू. त्यांनी पदर खोचला, खांदा लावला, एकदा, दोनदा, आणि दुसऱ्या धक्क्याला कडी स्क्रूंसकट निघून दार उघडलं.

काकू वॉकर धरून समोर उभ्या होत्या. त्यांनी लोंबणाऱ्या कडीकडे बघितलं, मग खांदा चोळत उभ्या असलेल्या हेतलबेनकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता म्हणतील, असली लुटुपुटीची कडी नको मला.

“माणसान ढकलल्यान म्हणून उघडला,” त्या म्हणाल्या. “आपसून नाय उघडला. चलात माका.”

मी स्क्रू गोळा केले आणि कडी परत बसवू लागलो. दार लोटून घेत काकूंनी मदतीच्या बाईला कपाटातली निळी साडी बाहेरच्या खोलीत आणायला आत पाठवलं.